कॉम्प्रेसर तापून बंद पडतोय, मोटर रिवाइंड करू का? (मदत हवी आहे)

पॉलिशवाला

मंडळी, फर्निचरच्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशची कामं घेतो. सध्या घणसोलीत एका टॉवरमध्ये फ्लॅटचं काम चालू आहे. कॉम्प्रेसर २ एचपी, ५० लिटर टाकी, सिंगल फेज, ऑइलवाला, डायरेक्ट ड्राइव्ह. कटऑफ ८ बारला, म्हणजे तेवढा दाब झाला की आपोआप बंद.

सीलर (पॉलिशखालचा पहिला कोट) मारताना पंधरा-वीस मिनिटं व्यवस्थित चालतो. मग मोटरचा आवाज जड होतो आणि ओव्हरलोडचं बटण उडतं. पंपाच्या हेडवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्रकन उडून जातो. थंड झाल्यावर बटण दाबलं की पुन्हा चालू, पण तोवर कपाटाच्या अर्ध्या शटरवरचा कोट सुकलेला असतो आणि जोड उठून दिसतो. असं शटर पार्टी घेत नाही, पुन्हा घासावं लागतं.

ऑइल नवीन आहे, लेव्हल काचेतल्या लाल ठिपक्यापर्यंत. एका दुकानात दाखवलं, त्यांनी नुसता हात लावून सांगितलं की वाइंडिंग (मोटरमधली तारांची गुंडाळी) जळत आलंय, रिवाइंड करा, म्हणजे नवी गुंडाळून घ्या. मीटर काही लावला नाही.

आवाजावरून सोसायटीची तक्रार येते म्हणून मशीन बाथरूममध्ये दार लोटून ठेवतो. लाइट हॉलच्या पॉइंटवरून, एक्स्टेन्शन साधारण ३० मीटर. रिवाइंडला पैसे घालू का?

ठाणेकर_०७

ऑइल कुठलं टाकलंत? बाइकचं २०-४० टाकलं असेल तर काढा. कॉम्प्रेसर ऑइल वेगळं मिळतं, बहुतेक पिस्टन मशीनला १०० ग्रेड चालतं. बुकलेटमध्ये बघा.

पॉलिशवाला

कॉम्प्रेसरचंच आहे दादा, १०० नंबर.

तुर्भे_फिटर

भाऊ, रिवाइंडला हात लावू नका. वाइंडिंग खरंच जळत आलं असतं तर मोटर थंड झाल्यावर इतकी गुमान चालली नसती. वासही आला असता, आणि तो वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही.

आधी पंप तपासा, खर्च शून्य. टाकी पूर्ण रिकामी करा, गन काढून ठेवा, चालू करून घड्याळ लावा. ५० लिटरची टाकी ८ बारला न्यायची म्हणजे सुमारे ४०० लिटर हवा दाबायची. २ एचपीचं मशीन प्रत्यक्षात मिनिटाला शंभर-सव्वाशे लिटरच्या आसपास देतं, म्हणजे तीन-चार मिनिटांत कट व्हायला हवं. सात-आठ मिनिटं लागली तर हेड उघडावं लागणार. चालू असताना फिल्टर काढून सक्शनच्या तोंडावर तळवा धरा. हवा आत ओढली जातेय तोवर ठीक. तळव्यावर उलटे फटके बसले तर सक्शनची रीड (हवा आत घेणारी पातळ पट्टीची झडप) तुटली किंवा कार्बन बसून उघडी राहिली समजा. अशात तीच गरम हवा आतबाहेर फिरते, म्हणून हेड तापतं.

फिल्टरचा स्पंज तेवढ्यात बघून घ्या. पॉलिशवाल्यांचा स्पंज हमखास सीलरच्या धुरळ्याने पापडासारखा कडक झालेला असतो.

कट झाल्यावर प्रेशर स्विचपाशी फुस्स आवाज येऊन लगेच थांबला पाहिजे. येतच राहिला तर एनआरव्ही (टाकीतली हवा मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळतोय, मग मोटर दर वेळी भरलेल्या दाबावर उठते. जॉइंटना साबणाचं पाणी लावा.

वायरमन_ऐरोली

सगळे पंपाच्या मागे लागलेत, ३० मीटर एक्स्टेन्शन कुणाला दिसलं नाही का? वायर किती एमएम? २ एचपी मोटर चालताना १०-११ अँपिअर घेते, उठताना त्याच्या चार-पाच पट. बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं, मोटर करंट जास्त ओढते आणि तापते. आवाज जड होणं त्याचंच लक्षण. लोड चालू असताना मशीनच्या टोकाला मीटर लावा. २०७ च्या खाली असेल तर मोटरला दोष देऊ नका.

बाथरूममध्ये गीझरचा १६ अँपिअरचा पॉइंट असतो ना? तिथूनच घ्या. वायर आखूड ठेवा आणि हवेचा पाइप लांब करा.

पॉलिशवाला

सगळं करून पाहिलं. टाकी भरायला साडेतीन मिनिटं. तळव्यावर उलटी हवा नाही, फुस्स लगेच थांबतं. स्पंज खरंच पापड झाला होता, नवा घातला. वायर पाऊण एमएमची निघाली. चालू मशीनवर १९४ व्होल्ट, गीझर पॉइंटवरून थेट घेतल्यावर २१५. आवाज एकदम मोकळा झाला. बटण अजून उडतं, पण बऱ्याच उशिरा.

तुर्भे_फिटर

पंप आणि मोटर दोन्ही ठणठणीत. आता दार उघडा! तो पंखा बाथरूममधलीच गरम हवा पुन्हा पुन्हा हेडवर मारतोय. त्यात नवी मुंबईची मे महिन्याची हवा. आणि गन कुठली?

पॉलिशवाला

एचव्हीएलपी, म्हणजे कमी दाबाची पण जास्त हवा खाणारी. तिच्यावर १० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) लिहिलंय.

तुर्भे_फिटर

मग झालंच. १० सीएफएम म्हणजे मिनिटाला २८० लिटरच्या वर, तुमचं मशीन त्याच्या निम्मंही देत नाही. म्हणजे कट होतच नाही, मशीन विश्रांतीशिवाय पळत राहतं. ही छोटी मशीनं साधारण अर्धा वेळ चालायची, अर्धा वेळ थांबायची अशा हिशेबाने बनवलेली असतात. ४ सीएफएमच्या आसपासची एलव्हीएलपी (कमी हवेवर चालणारी) गन घ्या, रिवाइंडचे पैसे तिथे घाला. कट-ऑफचा स्क्रू पिळून दाब वाढवायला मात्र जाऊ नका, आणि ओव्हरलोड बायपास करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

वायरमन_ऐरोली

दार उघडताय तर मशीन युटिलिटी बाल्कनीत न्या, स्प्रेच्या खोलीत नको. प्रेशर स्विचमध्ये दर वेळी ठिणगी पडते आणि तुमच्या खोलीत थिनरची वाफ भरलेली असते.

पॉलिशवाला

बाल्कनीत ठेवलं तर खालच्या मजल्यावरच्या काकू पुन्हा इंटरकॉम करणार. दुपारी दोन ते चार सोडून मशीन लावायचं सेक्रेटरींशी बोलून बघतो. एलव्हीएलपी गनला पीयूसाठी १.३ नोझल घेऊ की १.४?

ठाणेकर_०७

टॉप कोटला १.३. सीलर जाड ठेवत असाल तर १.५ पण घेऊन ठेवा.