मदत हवी आहे: ६८ लिंगांचा नकाशा झाला, पण गोष्ट कुठाय?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची. आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांचा फोनवर उघडेल असा नकाशा करतेय. जानेवारीत तैलाभिषेकाच्या दिवशी सात नंदीध्वज (उंच, सजवलेल्या काठ्या) हिरेहब्बू वाड्यातून निघून ज्या फेरीला जातात, तीच वाट. बाबा बरीच वर्षं बाराबंदी (यात्रेतला पांढरा पारंपरिक अंगरखा) घालून काठ्यांबरोबर चालले. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून हा खटाटोप.

सगळीकडे हिंडून जागा टिपल्या, फोटो काढले, गेल्या यात्रेतला हलगीचा आवाज होताच. यूमॅप या नकाशे बनवायच्या वेबसाइटवर फाइल चढवली, तर सोलापुरात एकही पिन नाही! नकाशा लहान करत गेले, तर अडुसष्टच्या अडुसष्ट लिंगं स्वालबार्डजवळच्या गारठलेल्या समुद्रात. जिओजेसन या नकाशा-फाइलच्या प्रकारात आधी रेखांश लिहायचा असतो, मी १७.६६, ७५.९१ असं उलटं लिहिलेलं. तेवढं निस्तरलं.

खरी अडचण पुढे आहे. बाबांना फोन दिला. दोन पिना दाबून म्हणाले, "ही तर टाचण्यांची डबी झाली." आणि मग बोटाने रस्ता काढत स्वतःच सांगत बसले: इथं बोळ अरुंद, इथं वायरी, इथं काठी तिरकी होते तेव्हा कुणी बोलत नाही. हे नकाशात कसं आणू? आवाज, फोटो, रंग, सगळं घातलंय. कदाचित तेच जास्त झालंय.

कडकभाकरी: ताई, जास्तच झालंय. खालचा नकाशा फिकट राखाडी घ्या, दुकानं-हॉटेलांची नावं दिसायला नकोत. वाट एकाच गडद भगव्या रेघेने काढा. ६८ ठिपके राहू द्यात, पण बारीक आणि मुके. बोलके फक्त आठ-दहा ठेवा, बाबा जिथं थांबून बोलले तेच. त्यासाठी स्टोरीमॅपजेएस हे नकाशातून गोष्ट सांगायचं वेब-साधन बघा, फुकट आहे. एकेक थांबा पुढे सरकतो, त्यामुळे कुठून सुरू करू हा प्रश्नच उरत नाही.

रेघोट्या: मिनार या फ्रेंच अभियंत्याचा १८६९ चा नकाशा शोधून बघा. नेपोलियनची फौज रशियात शिरताना ४,२२,००० सैनिकांची जाड पट्टी, परतताना १०,००० ची दोरीएवढी. चित्र एकही नाही, तरी पोटात खड्डा पडतो. तुम्ही रेघेची जाडी वेळेवर बेता: फेरी जिथं रेंगाळते तिथं जाड, झपझप चालते तिथं बारीक. आणि लाल-हिरव्याची जोडी टाळा, काहींना ते दोन्ही रंग सारखेच दिसतात.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. नऊ थांबे ठेवले, रेघ जाड-बारीक केली. वायरीच्या वळणावर फोटो काढून टाकला, तिथं फक्त बाबांचा आवाज आहे, बावीस सेकंदांचा. काल त्यांनी शेवटपर्यंत बघितलं आणि चूक काढली: "इथं रेघ अजून जाड पाहिजे, लई वेळ जातो." एकच राहिलं. थांबा उघडला की आवाज आपोआप सुरू का होत नाही?

कडकभाकरी: आवाजासकट आपोआप वाजणं ब्राउझरच अडवतात. ठळक बटण द्या. त्यावर 'ऐका' नको, यात्रेतला गजर 'बोला हर्र' लिहा. सोलापूरकर न दाबता राहतोय होय!