वितळलेली घड्याळं आणि खरे खडक

स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचं वितळलेल्या घड्याळांचं चित्र, 'द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी', यात सगळं स्वप्नातलंच आहे असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. मागचे कडे बघा, ते स्पेनच्या कॅटलोनियातल्या काप दे क्रेउस या भूशिराचे, म्हणजे त्याच्या रोजच्या पाहण्यातल्या किनाऱ्याचे. उन्हात पिवळे पडलेले, कडा अगदी धारदार. तो उजेड आपल्याला पटतो, म्हणूनच फांदीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखं लोंबणारं घड्याळही पटतं. नारिंगी घड्याळ मात्र वितळलेलंच नाही, टणक आहे, आणि मुंग्या नेमक्या त्याच्यावर!

आणखी एक, १९३१ चं हे तैलचित्र जेमतेम २४ × ३३ सेंटीमीटर आहे. ए-फोर कागदापेक्षा जरासंच मोठं. पोस्टरं बघून मी कित्येक वर्षं ते भिंतभर असेल असं धरून चाललो होतो. एवढ्याशा जागेत ब्रशचा फटकारा दिसला असता तर सगळा खेळच फसला असता.