बीएलएडी चाचणी: टॅक-वननं कापल्यावर बहुतेक वळूंना तीन पट्ट्या. वाहक की कापणी अर्धवट?

वळूपट

एचएफ (होल्स्टीन) संकरित वळूंच्या रक्तातून डीएनए काढून बीएलएडीची (पांढऱ्या पेशींचा आनुवंशिक दोष) पीसीआर-आरएफएलपी लावली आहे, म्हणजे जनुकाचा तुकडा वाढवून तो एन्झाइमनं कापून बघायचा. पीसीआरचा तुकडा ३५७ बेसपेअरचा, जेलवर स्वच्छ एकच पट्टी. टॅक-वन या एन्झाइमनं कापल्यावर निरोगी जनावरात २०१ आणि १५६ अशा दोनच पट्ट्या दिसायला हव्यात. त्या दिसतात, पण दहापैकी आठ-नऊ नमुन्यांत ३५७ची पट्टीसुद्धा शिल्लक राहते, कुठे ठळक, कुठे फिकी.

प्रमाण असं: १५ मायक्रोलिटर पीसीआर उत्पादन, २ मायक्रोलिटर बफर, ५ युनिट एन्झाइम, पाणी घालून एकूण २०, हीटिंग ब्लॉकवर ६५ अंशांना १ तास. जेल २ टक्के अगरोज. खात्रीचा वाहक (एक प्रत निरोगी, एक सदोष) नमुना हाताशी नाही.

१) हे सगळे वाहक धरायचे का?
२) माणसातला एलएडी-वन हा आजार याच जनुकाचा आहे असं वाचलं. मग माणसाच्या नमुन्यावरही अशीच चाचणी चालते का?

जेलघासू

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जेल न बघताही देता येतं. बीएलएडी अप्रभावी दोष आहे आणि दोन्ही प्रती सदोष असलेलं वासरू सहसा वर्षाच्या आत मरतं. समजा प्रत्येक वळूचे आई आणि बाप दोघंही वाहक होते. तरीही जगून मोठ्या झालेल्या पिल्लांत वाहक येणार तीनातले दोन. त्याहून वाईट परिस्थिती कागदावरसुद्धा मांडता येत नाही. तुमचा आकडा त्याच्याही वर जातोय, म्हणजे दोष जनावरात नाही, नळीत आहे.

कारण समजून घ्या. इथे बदल एकाच अक्षराचा आहे: आयटीजीबी२ जनुकात ३८३व्या जागी ए चा जी होतो, त्यामुळे सीडी१८ प्रथिनात १२८व्या जागचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल जाऊन ग्लायसीन येतं. टॅक-वन ओळखतं टीसीजीए हा क्रम. तो निरोगी प्रतीत आहे, सदोष प्रतीत मोडलेला आहे. म्हणजे एन्झाइम निरोगी प्रत कापतं. एन्झाइमनं काम अर्धवट सोडलं की निरोगी वळू हुबेहूब वाहक दिसतो, आणि काहीच केलं नाही तर आजारी दिसतो. या चाचणीतली सगळी खोटी उत्तरं वाहकाच्याच बाजूला झुकतात. म्हणून ३५७ची पट्टी हा पुरावा नाही, फक्त संशय आहे.

तुमच्या प्रमाणात अडचणी तीन. पीसीआर उत्पादन एकूण आकारमानाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. तुम्ही तीन चतुर्थांश घातलंय. त्यातले क्षार, उरलेले प्रायमर, डीएनटीपी सगळं एन्झाइमच्या डोक्यावर बसतं. दुसरं, भरपूर डीएनएला ५ युनिट आणि १ तास अपुरे. तिसरं, हीटिंग ब्लॉकवर ६५ अंशांना पाणी उडून टोपणाला चिकटतं, खाली २०चे १२ मायक्रोलिटर उरतात आणि क्षार-ग्लिसरॉल घट्ट होतात. गरम झाकणाच्या पीसीआर मशीनमध्येच ठेवा. ते मोकळं नसेल तर वर मिनरल ऑइलचा एक थेंब.

असं लावून बघा: उत्पादन १०, दहापट बफर ३, टॅक-वन १ मायक्रोलिटर (१० युनिट), पाणी १६, एकूण ३०. एन्झाइम ग्लिसरॉलमध्ये असतं, ते जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसतं. नळीला बोटानं टिचक्या मारा, मग एक झटका सेंट्रिफ्यूज. ६५ अंशांना ३ तास. ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये इतर एन्झाइमांसोबत ठेवून देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्या तापमानाला टॅक-वन जेमतेम दहावा हिस्सा काम करतं. उलट बाजूनं, ६५ अंशांनी ते मरतही नाही, म्हणून थांबवायला ८० अंश, २० मिनिटं.

जेल २ टक्क्यांऐवजी ३ टक्के करा, २०१ आणि १५६ नीट फाकतात. आणि प्रत्येक वेळी एक नळी एन्झाइमशिवाय चालवा. ती नसेल तर ३५७ म्हणजे नेमकी कुठे हे तुम्ही अंदाजानं सांगताय.

आता खरा वाहक ओळखायचा कसा? संशयित नमुना निम्मं उत्पादन आणि दुप्पट एन्झाइम घेऊन पुन्हा कापा. अर्धवट कापणी असेल तर वरची पट्टी नाहीशी होते किंवा पार फिकी पडते. खऱ्या वाहकात ती हलत नाही. हलत नाही एवढंच नव्हे, ती अपेक्षेपेक्षा ठळक असते, आणि याचं अनेकांना कोडं पडतं. पीसीआरच्या शेवटच्या फेऱ्यांत प्रायमर संपत आले की निरोगी आणि सदोष धागे एकमेकांशीच जुळतात. अशा मिश्र जोडीत त्या जागी अक्षरं जुळत नाहीत, टॅक-वन तिला हात लावत नाही. पूर्ण सरमिसळ झाली तर निम्म्या जोड्या मिश्र, पाव सदोष आणि फक्त पाव कापण्याजोग्या. म्हणजे वाहकात तीन चतुर्थांश माल ३५७लाच राहू शकतो. फेऱ्या ३५ऐवजी ३० ठेवल्या तर हा गोंधळ कमी होतो.

गोठाघर

जेलघासूंशी सहमत. पण कागदपत्रांकडेही बघा. हा दोष होल्स्टीनमधला आहे आणि त्याचा माग ऑस्बर्नडेल आयव्हॅनहो या १९५२ साली जन्मलेल्या वळूपर्यंत जातो. त्याच्या वंशातला कार्लिन-एम आयव्हॅनहो बेल दुधासाठी जगभर वापरला गेला, आणि तो वाहक होता. चांगल्या दुधाच्या मागे लागून दोष पसरला, असा सरळ मामला. १९९२ साली अमेरिकेत बदल शोधला गेला तेव्हा तिथल्या तपासलेल्या होल्स्टीन वळूंत वाहक १४.१ टक्के आणि गाईंत ५.८ टक्के निघाले होते. आज नामांकित परदेशी वळूंच्या नावापुढे टीएल (तपासला, मुक्त) किंवा बीएल (वाहक) लिहिलेलं असतं. आई आणि बाप दोघांचीही नोंद मुक्त असेल आणि मुलगा वाहक निघत असेल, तर आधी नमुन्याची अदलाबदल शोधा, मग पितृत्व तपासा, मग चाचणी.

निरोगी कंट्रोल हवा असेल तर शुद्ध खिलार किंवा डांगी जनावराचं रक्त घ्या. होल्स्टीनचा अंश नसलेल्या जनावरात ३५७ उरली तर ती अर्धवट कापणीच. वाहक कंट्रोलसाठी बीएल शिक्क्याच्या जुन्या वीर्यकांडीचा डीएनए एखाद्या प्रयोगशाळेकडे मागता येतो.

आणि एक गोष्ट जी प्रयोगशाळेत सहसा विचारली जात नाही: वळू जुळ्यातला आहे का? गाईच्या जुळ्या गर्भांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या बहुतेक वेळा एकमेकींना जोडल्या जातात. त्यामुळे रक्त तयार करणाऱ्या पेशी इकडच्या तिकडे जाऊन कायमच्या वसतात. फ्रीमार्टिन (नर जुळ्यासोबत जन्मलेली वांझ) कालवड याचमुळे होते. अशा वळूच्या रक्तातला डीएनए म्हणजे दोन भावंडांची मिसळ. तो स्वतः निरोगी असून भाऊ वाहक असेल तर फिकी तिसरी पट्टी कितीही एन्झाइम घातलं तरी जात नाही. उलटही होऊ शकतं. अशा वेळी शेपटीचे केस मुळासकट उपटून घ्या (कापलेले नकोत, २०-३० मुळं पुरतात) किंवा वीर्य.

वळूपट

धन्यवाद. दोन-तीन वळू जुळ्यातले आहेत, त्यांची वीर्यकांडी मिळेल. रक्ताचीच पद्धत वीर्याला चालेल का? आणि रक्त काही हिरव्या टोपीच्या नळीत आलं आहे.

जेलघासू

हिरवी टोपी म्हणजे हिपॅरिन. ते डीएनएसोबत चिकटून येतं आणि पीसीआर बंद पाडतं. पुन्हा जांभळ्या टोपीच्या ईडीटीए नळीत मागवा, ते जास्त स्वस्त पडतं.

वीर्याला रक्ताची पद्धत जशीच्या तशी चालत नाही. शुक्राणूच्या डोक्यातला डीएनए प्रोटामिनवर गच्च गुंडाळलेला असतो आणि ही प्रोटामिनं गंधकाच्या बंधांनी एकमेकांना शिवलेली असतात. एसडीएस आणि प्रोटीनेज-के घालून रात्रभर ठेवलं तरी डोकी तशीच राहतात. हाती लागतो तो वीर्यातल्या इतर थोड्या पेशींचा डीएनए. हे बंध तोडायला डीटीटी हवंच, साधारण ४० मिलिमोलर. ते ताजं घ्या; महिनोन् महिने फ्रिजमध्ये पडलेलं द्रावण मेलेलं असतं. ५६ अंशांना रात्रभर. त्याआधी कांडीतलं द्रावण पीबीएसनं दोन-तीनदा धुवा, अंड्याचा बलक आणि ग्लिसरॉल गेले पाहिजेत. पाव मिलिलिटरच्या एका कांडीत साधारण २ कोटी शुक्राणू असतात, प्रत्येकात ३ पिकोग्रॅमच्या आसपास डीएनए. निम्मा वाया गेला तरी शेकडो पीसीआर होतील, दुसरी कांडी फोडू नका.

पेशीगणक

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. हो, जनुक तेच. माणसात ते २१व्या गुणसूत्रावर आहे, गाईत १ल्या. आजाराची तऱ्हाही तीच: न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी१८ नाही, म्हणून त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट धरू शकत नाहीत आणि जखमेपर्यंत पोचत नाहीत. रक्तात पेशींचा पूर, जखमेत पू नाही. वासरात तोंडातले व्रण, हिरड्या सुजणं, दात पडणं, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, वाढ खुंटणं आणि पांढऱ्या पेशी एरवीच्या ४ ते १२ हजारांऐवजी ३० हजारांच्या वर, कधी लाखाच्याही पुढे. बाळात नाळ तीन-चार आठवडे झाले तरी न पडणं, बेंबीचा संसर्ग, आणि जंतुसंसर्ग नसतानाही पांढऱ्या पेशी चढलेल्या.

पण चाचणी तीच चालणार नाही. होल्स्टीनमधला बदल एका पूर्वजाकडून आलेला, सगळीकडे एकच, म्हणून एका एन्झाइमवर भागतं. आयरिश सेटर कुत्र्यांतही तसंच: तिथे ३६व्या जागचं सिस्टीन जाऊन सेरीन येतं, तोही घराण्याचा एकच बदल. माणसात मात्र वेगवेगळ्या कुटुंबांत वेगवेगळे बदल आहेत, कुठे अक्षर बदललेलं, कुठे तुकडा गळालेला, कुठे जोडणीची जागा बिघडलेली. गाईची टॅक-वन चाचणी बाळाच्या डीएनएवर लावली आणि 'निरोगी' असं उत्तर आलं, तर त्याला काडीचाही अर्थ नाही.

माणसात आधी प्रथिन मोजतात, मग जनुक वाचतात. ईडीटीए रक्तावर फ्लो सायटोमेट्री (पेशींवरची प्रथिनं रंग लावून मोजणं): सीडी१८ सोबत त्याचे जोडीदार सीडी११ए, ११बी, ११सी. निरोगी माणसाच्या तुलनेत सीडी१८ २ टक्क्यांखाली असेल तर आजार तीव्र, २ ते ३० टक्के असेल तर मध्यम. फक्त सीडी१८ बघून सोडू नका. काही रुग्णांत सदोष सीडी१८ पृष्ठभागावर दिसतं, पण जोडीदार सीडी११ गायब असतो. एकच रंग लावणाऱ्याच्या हातून असा रुग्ण निसटतो. रक्त २४ तासांच्या आत लावावं, त्याच वेळी घेतलेल्या निरोगी माणसाच्या नमुन्यासोबत. त्यानंतर आयटीजीबी२चे सगळे एक्सॉन (प्रथिनाचा मजकूर असलेले भाग) आणि त्यांच्या कडा वाचायच्या, आणि सापडलेला बदल आई-वडिलांत पडताळायचा. महाराष्ट्रात हे काम परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या आयसीएमआरच्या एनआयआयएच संस्थेत होतं.

वर जुळ्यांबद्दल आलंय त्याचा माणसातला भाऊबंद: अस्थिमज्जा रोपण झालेल्या मुलाच्या रक्तातून डीएनए काढलात तर दात्याचं जनुक वाचाल. तिथे त्वचेच्या पेशी वाढवून घ्याव्या लागतात. गालाचा फाया पुरत नाही, त्यातही दात्याच्या पांढऱ्या पेशी येतात.

संशोधनात जनावरांचा उपयोग मात्र खरा झाला. सीडी१८ नसलेल्या सेटर पिल्लांत रोपण आणि जनुकोपचार करून पाहिले, तेव्हा थोड्या टक्के पेशींवर सीडी१८ परतलं तरी पिल्लं जगतात असं दिसलं. शंभर टक्के दुरुस्ती लागत नाही, ही माहिती डॉक्टरांना बाळांवर उपचार ठरवताना कामी येते.

वळूपट

पुन्हा कापून खरा वाहक निघाला तर वळू काढून टाकायचा, पण त्याच्या आधीच झालेल्या कालवडींचं काय?

गोठाघर

कालवडी विकू नका. वाहक जनावर पूर्ण निरोगी असतं, दुधाला काही कमी नाही. वळूच्या निम्म्या मुली वाहक धरा आणि त्या मुक्त शिक्क्याच्या वीर्यानं भरवा, आजारी वासरू होणारच नाही. हिशोब असा: वाहक वळू ६ टक्के वाहक असलेल्या कळपावर वापरला तर आजारी वासरं शंभरात दीड, पण वाहक वासरं शंभरात पन्नास. नुकसान मेलेल्या वासरांत कमी आणि न दिसणाऱ्या पसाऱ्यात जास्त, म्हणून वळूवर कडक आणि गाईवर सैल असं धोरण बरोबर. वीर्य केंद्रांसाठीच्या केंद्र सरकारच्या किमान मानकांतही एचएफ आणि एचएफ संकरित वळूंना बीएलएडीसोबत सिट्रुलिनेमिया, डम्प्स आणि फॅक्टर-११ या आनुवंशिक दोषांची चाचणी सक्तीची आहे.

तोच डीएनए हातात आहे तर फॅक्टर-११ आत्ताच लावून टाका. तिथे जनुकात ७६ अक्षरं जास्तीची घुसलेली असतात. निरोगी २४४, सदोष ३२०, दोन्ही दिसल्या तर वाहक. कापायला एन्झाइम लागत नाही, त्यामुळे अर्धवट कापणीचा प्रश्नच नाही.

जेलघासू

एक भर. वाहक ठरलेल्या वळूचा निकाल फक्त टॅक-वनवर लिहून देऊ नका. हे-थ्री एन्झाइम उलटं चालतं: सदोष प्रतीत जीजीसीसी हा नवा क्रम तयार होतो आणि ते ती कापतं. ५८ बेसपेअरच्या छोट्या तुकड्यावर निरोगी ४९ आणि ९, सदोष ३०, १९ आणि ९. हे तुकडे अगरोजवर दिसणार नाहीत, १२ टक्के पॉलिअ‍ॅक्रिलामाइड लागेल. ३५७च्या तुकड्यावर हे-थ्री वापरायचं असेल तर त्यात जीजीसीसी आणखी कुठे आहे ते आधी क्रम उघडून बघा. जेल ओतायचा कंटाळा असेल तर ३५७चा तुकडा शुद्ध करून दोन्ही बाजूंनी सँगर वाचनाला (डीएनएची अक्षरं थेट वाचायला) पाठवा. वाहकात त्या जागी ए आणि जी अशी दोन शिखरं एकावर एक, साधारण सारख्या उंचीची दिसतात. जी चं शिखर अगदी बुटकं असेल तर पुन्हा तो जुळ्यांचा प्रश्न विचारा.