पिल्लू कोणी निवडायचं?

रानवाट
परवा इथेच एकांनी लिहिलं होतं की कुत्र्याच्या पिल्लासाठी वर्षभर यादीत थांबून, डिपॉझिट भरून, पहिला नंबर असूनही ब्रीडरने, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्या बाईंनी, त्यांना पिल्लांतून निवडू दिलं नाही. 'तुमच्या घरासाठी हे' म्हणून एक पिल्लू पुढे केलं. त्यांचं म्हणणं असं की पैसे आम्ही मोजणार, पुढची बारा-चौदा वर्षं आम्ही सांभाळणार, मग निवडणारी ती कोण? त्याखाली 'ही तर दादागिरी' म्हणणाऱ्यांची रीघ लागली. मी ब्रीडर आहे आणि मीही हेच करते. तिथे चार ओळींत उत्तर देणं जमेना म्हणून वेगळा धागा काढतेय.

तुम्ही पिल्लं बघायला येता तो जेमतेम एक तास. त्या वयाची पिल्लं दिवसाचा बराच वेळ झोपलेली असतात. नुकतं उठलेलं पिल्लू तुम्हाला 'चुणचुणीत' वाटतं, पोट भरून पेंगणारं 'शांत' वाटतं, आणि जे धावत येऊन बुटाची नाडी ओढतं त्याच्याबद्दल 'त्यानेच आम्हाला निवडलं' असं ठरून जातं. ते पिल्लू येणाऱ्या प्रत्येकाच्या बुटाची नाडी ओढत असतं! वेतातलं सगळ्यात धीट आणि हट्टी पिल्लू बहुधा तेच असतं, आणि रांगतं मूल असलेल्या, पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या घराला नेमकं तेच हवं असतं. दुसरी तऱ्हा कोपऱ्यात बसलेल्याची. त्याची दया येते, ते सतत पाहुणे असणाऱ्या घरात जातं आणि वर्ष-दीड वर्षाने भीतीपोटी गुरगुरायला लागतं.

मी जन्मल्यापासून प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची फीत बांधते, रोज वजन करते. दुसऱ्या आठवड्यात डोळे उघडतात, मग कान, आणि तिसऱ्यापासून स्वभाव दिसायला लागतो. स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी अमेरिकेतल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून १९६५ मध्ये जे मांडलं, त्यात तिसरा ते बारावा आठवडा हा माणसांशी आणि जगाशी जुळवून घ्यायचा काळ. त्यातले पहिले पाच आठवडे पिल्लू माझ्यासमोर असतं. झाकण खाली पडलं की दचकतात सगळीच. सावरायला कोणाला किती वेळ लागतो आणि त्या झाकणाचा वास घ्यायला परत कोण जातं, ते मी बघते. आडवी फळी लावली की कोण वळसा घालून येतं, कोण तिथेच बसून रडतं. उताणं धरलं की कोण जरा झगडून सैल पडतं, कोण शेवटपर्यंत दात लावतं. एकदा दिसलं त्याला किंमत नाही. पुन्हा पुन्हा तेच दिसलं तर वहीत जातं.

कुटुंबांचंही तसंच. अर्जात सगळेच 'रोज फिरायला नेऊ' लिहितात. मी विचारते, दिवसा घरी कोण असतं, काठी टेकत चालणारं कोणी आहे का, आधीचा कुत्रा कशाने गेला, आणि कुत्रा नको म्हणणारं घरात कोण आहे. या शेवटच्या प्रश्नावर नवरा-बायको एकमेकांकडे बघतात तेव्हा मला बरंच कळतं. यादीतला नंबर कोणत्या वेतातलं पिल्लू मिळणार ते ठरवतो. त्या वेतातलं कोणतं मिळणार ते ठरवत नाही. रंगाची, नर-मादीची आवड मी ऐकते, पण ती सगळ्यात शेवटी धरते.

तिरपी_रेघ
ऐकायला छान आहे. आता माझं ऐका. आम्हालाही 'तुमच्यासाठी शांत पिल्लू' म्हणून एक देण्यात आलं. वर्षाचं झालं आणि रस्त्यावर दुसरा कुत्रा दिसला की साखळी तोडायला बघायला लागलं. आईला ओढून पाडलं, मनगट मोडलं. ब्रीडरला फोन केला तर उत्तर काय, 'तुमचं ट्रेनिंग कमी पडलं'. म्हणजे जमलं तर त्यांची पारख आणि बिघडलं तर आमचा दोष! ज्याच्या हातात निवड त्याच्याच गळ्यात जबाबदारी, एवढं मान्य करा, मग पुढचं बोलू.

आणि एक बोलायचं राहतंच. वेतातलं सगळ्यात चांगलं पिल्लू तुम्ही लोक कुत्र्यांच्या शोसाठी, स्पर्धेत उतरवायला, बाजूला काढता. उरलेल्यांची वाटणी करायची आणि तिला 'जुळवणं' म्हणायचं.

रानवाट
तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. तो फोन तसा घ्यायला नको होता. माझ्या करारात कुत्र्याच्या आयुष्यात कधीही, कोणत्याही कारणाने परत आणता येईल असं लिहिलेलं असतं. त्याशिवाय पिल्लू देऊच नये.

शोचं मात्र तुम्ही उलटं धरलंय. तिथे दातांची ठेवण, पायांचे कोन, चाल, नराचे दोन्ही अंड उतरलेत की नाही हे बघतात. खालचा जबडा केसभर पुढे असलेलं पिल्लू रिंगणात मागे पडतं आणि घरात सोन्यासारखं निघू शकतं. उरलेलं म्हणजे कमअस्सल नव्हे.

तिरपी_रेघ
हे भेटीच्या दिवशी कोणी सांगत नाही. आम्हाला नाही सांगितलं.

मोजपट्टी
रानवाट ताई, तुमची वही तुमच्यापाशी. पिल्लांच्या स्वभाव-चाचण्यांबद्दल थोडं. व्होलहार्ड पद्धतीची चाचणी ४९व्या दिवशी करतात, अनोळखी माणूस, अनोळखी जागा, दहा प्रकार, १ ते ६ गुण. छत्री उघडायची, कागदाचा बोळा फेकायचा, बोटांमधली कातडी दाबायची. अर्धं ब्रीडरजगत यावर पिल्लं वाटतं. आता अभ्यास बघा. विल्सन आणि सुंडग्रेन यांनी स्वीडनमध्ये जर्मन शेफर्डची शेकडो पिल्लं आठव्या आठवड्यात तपासली आणि मोठेपणी पुन्हा बघितली. कामाला कोणता कुत्रा लायक ठरेल हे त्या वयात सांगता आलं नाही. तो निष्कर्ष १९९८चा. २०१४ मध्ये रीमर आणि सहकाऱ्यांनी बॉर्डर कॉली जातीची कुत्री जन्मानंतर लगेच, मग सहा-सात आठवड्यांची असताना आणि मग दीड-दोन वर्षांची झाल्यावर तपासली. पिल्लूपणचं आणि मोठेपणचं वागणं जवळपास जुळलंच नाही.

तेव्हा 'मी ओळखते' हा विश्वास आहे, ज्ञान नाही. आणि या विश्वासावर तुम्ही लोकांचा हक्क काढून घेताय.

रानवाट
हे अभ्यास मला माहीत आहेत. त्यात काही मिनिटांची एक चाचणी आहे. मी त्या चाचणीवर पिल्लं वाटत नाही, वर वाचा, कुठे लिहिलंय? आणि रीमर यांच्याच कामात धुंडाळण्याची वृत्ती, म्हणजे नव्या जागी किती फिरतं, किती शोधतं, ती मोठेपणीपर्यंत टिकलेली दिसली. ते तुम्ही गाळलंत.

दोन वर्षांनी हा कुत्रा कसा होईल याची भविष्यवाणी मी करतच नाही. हे पिल्लू आज या घरात गेलं तर पुढचे सहा महिने कसे जातील, एवढंच बघते. घर सोडून जायची वेळ बऱ्याच कुत्र्यांवर त्याच काळात येते. सत्तरीतल्या एकट्या बाईंना रोज फळीवरून उड्या मारणारं पिल्लू देऊ नये, हे कळायला शोधनिबंध लागत नाही. अंधांसाठीच्या गाइड डॉग संस्था तरी काय करतात? माणसाचा चालण्याचा वेग, उंची, रोजचा दिनक्रम बघून जोडी त्या ठरवतात. दहा कुत्रे समोर उभे करून 'निवडा' म्हणत नाहीत.

मोजपट्टी
गाइड डॉगची जोडी जमवतात तेव्हा तो वाढलेला, शिकलेला कुत्रा असतो. आठ आठवड्यांचं पिल्लू नसतं. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. धुंडाळण्याचं गाळलं, ते बरोबर. पण बाकी एवढ्या गोष्टी टिकल्या नाहीत, त्याचं काय?

हिरवी_फांदी
दोघेही एकाच गोष्टीवर येऊन थांबलात, ती मी पूर्ण करते. स्वभाव कळलेला हवा असेल तर मोठा कुत्रा घ्या. कुत्र्यांचे निवारे भरलेत. तिथले कुत्रे दोन-तीन वर्षांचे, काय आवडतं, कशाला घाबरतात, सगळं समोर दिसतं. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राण्यांसाठीच्या संस्थेने यासाठी रंगांची पद्धतच काढली, कुत्र्यांना हिरवा, नारिंगी, जांभळा असे गट आणि घर कसं त्यावरून घरालाही त्यातलाच एक रंग. माणसं जिवंत प्राण्यासाठी वर्षभर रांग लावतात आणि मग रांगेतल्या नंबरावरून भांडतात, हे वाचून त्रास होतो. मी निवाऱ्यात काम करते. परत आलेले 'उच्च जातीचे' कुत्रे मी रोज बघते.

रानवाट
परत आलेल्यांपैकी किती जणांच्या ब्रीडरने फोन उचलला, ते बघा. जो परत घेतो त्याचा कुत्रा तुमच्या दारात येत नाही. मोठा कुत्रा घ्यायचा सल्ला मीही कित्येकांना देते. पिल्लूच द्या म्हणून हटून बसणारे तुमच्याकडे आणि माझ्याकडेही येतात.

उंबरठा
थोडं अवांतर, पण विषयाला धरून. आम्ही ब्रीडरकडे एकाच वेतातली दोन मागितली होती, एकमेकांना सोबत होईल म्हणून. त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं, दुप्पट पैसे देत असूनही. हे योग्य का?

सातवी_खिडकी
त्यांचे आभार माना. आमच्याकडे दोन बहिणी आणल्या. पहिलं वर्ष इतकं गोड की लोक बघायला यायचे. दुसरीशिवाय एक पायरी उतरायची नाही, नाव हाकारलं तर आधी एकमेकींकडे बघायच्या, मग आमच्याकडे. माजावर यायला लागल्या आणि भांडणं सुरू झाली. आधी खाण्यावरून, मग दारात कोण पुढे यावरून, मग काहीच नसताना. कान फाटला, टाके घातले. घरात एक खोली हिची, एक तिची, मधलं दार कायम बंद, मुलांना ओरडून सांगायचं 'आधी कोण बाहेर आहे ते बघ'. शेवटी एकीला माझ्या बहिणीच्या घरी पाठवलं. मला दोन नकोच असं कोणी ठणकावून सांगितलं असतं तर हवं होतं.

भूछत्र
आमचे दोन सख्खे भाऊ म्हातारे होईपर्यंत एकाच गादीवर झोपले. एकदाही रक्त निघालं नाही. 'भावंडांचा विकार' असं भारदस्त नाव देऊन लोकांना घाबरवायचा उद्योग झालाय. नीट वेळ दिला तर काही होत नाही. ज्यांना वेळ द्यायचा नाही त्यांना एक कुत्राही जड होतो.

सातवी_खिडकी
म्हणजे आम्ही वेळ दिला नाही? दोघींना वेगवेगळं फिरवायला मी पहाटे उठत होते. तुमचे नर होते, नशिबाने जमले. दुसऱ्याच्या घरात काय झालं ते न बघता 'वेळ दिला नाही' म्हणणं फार सोपं आहे.

भूछत्र
नशीब नव्हे, मेहनत. वेगळी झोपायची जागा, वेगळं फिरणं, वेगळं शिकवणं, अगदी डॉक्टरकडेही वेगवेगळं. तुम्ही पहिलं वर्ष 'इतकं गोड' म्हणता, तेव्हाच ती एकमेकींशिवाय उतरत नव्हती. तिथेच थांबवायचं असतं.

सातवी_खिडकी
पहाटे एकटीला नेलं तर घरात राहिलेली भिंत खरवडायची. एकदा करून बघा, मग शिकवा.

मोजपट्टी
दोघांनी जरा थांबा. भावंडं म्हणून बिघडतात यामागे किस्सेच जास्त आहेत. पण एका घरात राहणाऱ्या कुत्र्यांच्या भांडणांवर जे काम झालंय, त्यात बहुतेक जोड्या नर-नर किंवा मादी-मादी अशा निघाल्या आणि माद्यांचा वाटा मोठा होता. त्यामुळे दोन बहिणी हा सगळ्यात अवघड डाव, आणि सातवी_खिडकी यांचा अनुभव 'वेळ दिला नाही' म्हणून झटकता येणार नाही. भूछत्र, तुमची मेहनत खरी, पण तुम्ही जे वर्णन केलं ते दोन कुत्रे दोन वेगळ्या घरांत असल्यासारखं वाढवणं आहे. ते किती जणांना जमेल?

भूछत्र
बऱ्याच जणांना जमणार नाही, हे मान्य. पण ब्रीडरने सरसकट नाही म्हणू नये. आम्हाला नाही म्हटलं असतं तर ते दोघे आम्हाला मिळालेच नसते.

रानवाट
मी सरसकटच नाही म्हणते. शंभरात तुमच्यासारखं एक घर असेल, ते ओळखून दोन द्यायची माझी तयारी नाही, कारण चुकलं तर टाके पिल्लाला पडतात. इथे मोजपट्टी यांचाच मुद्दा मला लागू होतो. ज्याचा अंदाज मला खात्रीने करता येत नाही, तिथे मी कमी धोक्याची बाजू धरते.

मोजपट्टी
हे तुम्ही धाग्याच्या सुरुवातीला लिहिलं असतं तर माझा अर्धा प्रतिसाद वाचला असता. 'मी ओळखते' पेक्षा 'मी धोका टाळते' हे पटण्यासारखं आहे. तरीही निवड तुमची हे मला पटत नाही. दोन-तीन चालतील अशी पिल्लं दाखवा, त्यातलं घेणाऱ्याला निवडू द्या.

रानवाट
एका घराला चालतील अशी दोन असतील तर मी दाखवतेच. बऱ्याच वेळा नसतात, आठ पिल्लांना आठ घरं थांबलेली असतात आणि एकाला दिलेलं दुसऱ्याच्या वाट्यातून जातं. पहिल्या नंबरवाल्याने मऊ स्वभावाचं उचललं तर सातव्या नंबरच्या आजी-आजोबांना ते नाडी ओढणारं देऊ का?

तिरपी_रेघ
सातव्या नंबरवाल्यांचा विचार मी केला नव्हता. ठीक आहे. पण मग माझ्या अटी. एक, निवड ब्रीडर करणार हे डिपॉझिट घ्यायच्या आधी लेखी सांगा. दोन, हेच पिल्लू का, ते वही उघडून दाखवा. तीन, ते नको वाटलं तर डिपॉझिट न बुडवता पुढच्या वेतापर्यंत थांबायची मुभा द्या. एवढं नसेल तर परवा तक्रार लिहिणारे बरोबर होते.

रानवाट
पहिलं आणि तिसरं मी करतेच. वही मात्र सगळी दाखवणार नाही, कारण तिच्यात बाकीच्या कुटुंबांबद्दलही लिहिलेलं असतं. त्या एका पिल्लाची पानं दाखवेन.

तिरपी_रेघ
चालेल. आणि फोन उचला.

उंबरठा
माझा प्रश्न राहूनच गेला. एक घेतलं, तर दुसरं कधी आणावं?

सातवी_खिडकी
पहिल्याला तुमची हाक दुसऱ्या कुत्र्यापेक्षा महत्त्वाची वाटायला लागल्यावर. आमच्या आताच्या मादीला दोन वर्षांची होऊ दिली, मग नर आणला. दोघंही वेगळ्या घरातली.

भूछत्र
यावर मात्र माझं काही म्हणणं नाही. नर आणि मादी असतील तर नसबंदीचं आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा, नाहीतर वर्षभरात रानवाट ताईंची यादी तुमच्याच दारात लागेल.