होलोकॉस्टच्या माहितीपटांत छावण्यांची जुनी दृश्यं हवीत का?

मूळ धागा
होलोकॉस्टवरचा, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरचा, क्लोद लान्झमन यांचा 'शोआ' (१९८५) हा माहितीपट साडेनऊ तासांचा आहे आणि त्यात जुन्या चित्रीकरणाची एकही चौकट नाही. वाचलेली माणसं बोलतात, आणि छावण्यांच्या जागा चित्रीकरणाच्या वेळी कशा होत्या ते दिसतं. माझ्या मते हाच खरा मार्ग. पोलंडमधल्या त्रेब्लिंका मृत्युछावणीतून वाचलेले अब्राहम बोम्बा न्हावी होते. गॅस चेंबरमध्ये आणलेल्या बायकांचे केस त्यांना कापावे लागत. इस्रायलमधल्या सलूनमध्ये हातात कात्री घेऊन ते हे सांगतात. सोबतच्या न्हाव्याची बायको आणि बहीण आत आल्या, इथवर येतात आणि पुढे बोलवत नाही. प्रेतांच्या ढिगाऱ्यांची दृश्यं पाहून मला कधी एकाही माणसाची ओळख झाली नाही.

प्रतिसाद १
अजिबात पटलं नाही. साडेनऊ तास किती जण बसणार? जुनी दृश्यं वापरणारा आलँ रेने यांचा 'नाइट अँड फॉग' ३२ मिनिटांचा आहे, वर्गात दाखवता येतो. त्यात फ्रान्समधल्या पितिविए छावणीच्या फोटोत पहारा देणाऱ्या फ्रेंच पोलिसाची टोपी दिसत होती, ती सेन्सॉरने झाकायला लावली! जुनं चित्र पुरावा असतं, म्हणूनच सरकारला त्याची धास्ती.

प्रतिसाद २
पण कॅमेरा कुणाच्या हातात होता? मे १९४२मध्ये वॉर्सा घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, नाझींनी चित्रीकरण केलं. भिकाऱ्यांशेजारी चैनीत जेवणारे ज्यू, असली दृश्यं त्यांनी मुद्दाम घडवून आणली. पुढे त्यातले तुकडे कित्येक वर्षं खरे म्हणून वापरले गेले. याएल हर्सोन्स्की यांच्या त्या रिळांवरच्या २०१०च्या माहितीपटात एकाच प्रसंगाचे पुन्हा पुन्हा घेतलेले टेक दिसतात.

प्रतिसाद १
मग हर्सोन्स्कींनी ती रिळं टाकून दिली का? घेट्टोतून वाचलेल्यांना थिएटरात बसवून दाखवली, आणि पाहतानाचे त्यांचे चेहरे टिपले. आणि घडवून आणण्याचंच म्हणाल, तर बोम्बा तेव्हा निवृत्त होते. ते सलून लान्झमननी भाड्याने घेतलं होतं. थांबलेल्या माणसाला 'बोला, बोलावंच लागेल' म्हणणं मला तरी क्रूर वाटतं.

धागाकर्ता
तो आग्रह मलाही बघवत नाही. तरी फरक मोठा आहे. बोम्बा स्वतःहून कॅमेऱ्यासमोर आले होते, थांबल्यावर पुन्हा बोलले. वॉर्सातल्या त्या लोकांना नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांची रिळं दाखवायचीच, तर ती कुणी आणि कशासाठी काढली हे त्याच पडद्यावर सांगा. तेवढं असेल तर माझी हरकत नाही.

प्रतिसाद १
ही अट मान्य. साडेनऊ तास मात्र अजूनही नाही!