मॅकिनन मॅकेन्झीचे आपल्यावर ऋण किती? (टोपणनावाने लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

बंदरकाठ:
मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये जिचे नाव अजून घेतले जाते, त्या मॅकिनन मॅकेन्झीला 'इंग्रजांची कंपनी' एवढ्यावर निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते. विल्यम मॅकिनन आणि रॉबर्ट मॅकेन्झी या दोन स्कॉटिश व्यापाऱ्यांनी १८४७ मध्ये कलकत्त्यात ही पेढी काढली. तिच्याच पुढाकाराने १८५६ मध्ये कलकत्ता ते ब्रह्मदेश टपाल नेणारी आगबोट कंपनी उभी राहिली आणि १८६२ मध्ये तिचे नाव ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन, म्हणजे बीआय, झाले. बोटी बीआयच्या नावावर असल्या, तरी माल घेणे, भाडे ठरवणे, कोळसा भरणे आणि तिकिटे विकणे ही सारी कामे मॅनेजिंग एजंट, म्हणजे कमिशनवर दुसऱ्या कंपनीचा कारभार चालवणारी पेढी, या नात्याने मॅकिनन मॅकेन्झीकडेच होती.

मुंबई, कराची, बसरा आणि पुढे एडन, झांझिबार, मोंबासा ही साखळी यातूनच बांधली गेली. कच्छी आणि भाटिया व्यापाऱ्यांची गलबते त्याआधीही आफ्रिकेला जात होती, हे खरे. पण ती मोसमी वाऱ्याच्या मर्जीने, आणि परतायचे तर वारा फिरेपर्यंत थांबून. आगबोट ठरल्या दिवशी सुटू लागल्यावर पत्राचे उत्तर कधी येईल आणि हुंडी कधी वटेल, याचा अंदाज बांधता येऊ लागला. परदेशी व्यापाराला याहून मोठा आधार कोणता?

जमाखर्च:
आपण वेळापत्रकाचे कौतुक केलेत, पण त्याचे पैसे कोणी दिले, हे सांगितले नाही. टपालाच्या कंत्राटाखाली सरकारकडून मिळणारे अनुदान हा बीआयच्या विस्ताराचा कणा होता आणि त्यातला मोठा भाग हिंदुस्थानच्या तिजोरीतून जात होता. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर आणि मॅकिनन यांचे सख्य सर्वश्रुत आहे. ज्या वाटेवर फायद्याची खात्री नाही, तिचा खर्च रयतेने सोसायचा आणि वाट रुळली की तिच्यावरचा हक्क ग्लासगो-लंडनच्या भागधारकांचा, असा तो व्यवहार होता. अशा एजन्सीचे कमिशन बहुधा उलाढालीवर ठरत असे, म्हणजे एखाद्या वर्षी भागधारक उपाशी राहिले तरी एजंटाचे पान वाढलेलेच! (ही पद्धत कायद्याने बंद व्हायला १९७० साल उजाडावे लागले.)

दुसरी गोष्ट स्पर्धेची. तमिळ स्वदेशी नेते व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये तुतिकोरीन-कोलंबो मार्गावर स्वदेशी आगबोट कंपनी काढली, तेव्हा बीआयने भाडे रुपयावर आणले आणि शेवटी उतारूंना फुकट नेऊन वर छत्री देण्याची तयारी दाखवली, असे सांगतात. छत्रीची गोष्ट रंगवलेली असेलही, पण भाडेयुद्ध खोटे नव्हते. मालाच्या बाबतीत तर हत्यार अधिक धारदार होते. वर्षभर दुसऱ्या कोणाच्या बोटीत माल न चढवणाऱ्या व्यापाऱ्याला भाड्यातला काही हिस्सा नंतर परत मिळे. तो परतावा आधीच्या हंगामाचा असल्यामुळे नव्या कंपनीला एकदा जरी माल दिला, तरी साठलेली सगळी रक्कम बुडे. नवी कंपनी स्वस्तात माल न्यायला तयार असली, तरी गिऱ्हाइकाचे हात बांधलेलेच राहत.

बंदरकाठ:
एक दुरुस्ती करतो. तुतिकोरीनला बीआयचे काम मॅकिनन मॅकेन्झी नव्हे, तर हार्वी यांची पेढी पाहत असे. शिवाय स्वदेशी कंपनी बुडाली ती निव्वळ छत्रीमुळे नाही. १९०८ मध्ये पिळ्ळै यांना राजद्रोहाखाली तुरुंगात टाकले गेले, तो घाव सरकारचा होता. भाडेयुद्धे तेव्हा जगभर सगळेच खेळत होते, त्यामुळे हा दोष एकट्या एजन्सीच्या माथी मारणे मला पटत नाही.

सारंगाचा नातू:
दोघांच्याही बोलण्यात भाडे आले, व्यापारी आले. खलाशी मात्र आला नाही. माझे आजोबा रत्नागिरीकडचे. डेकवर लागले ते सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, होऊन निवृत्त झाले. त्यांचे डिस्चार्जचे पुस्तक, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. बोटीचे नाव, कामावर घेतल्याचे बंदर, मोकळे केल्याचे बंदर, कामाबद्दलचा शेरा आणि वर्तणुकीबद्दलचा शेरा, असे त्याचे रकाने. लंडन, मोंबासा, सिडनी पाहून आलेल्या या माणसाच्या दोन्ही बंदरांच्या रकान्यांत पानोपान 'मुंबई' एवढेच आहे, कारण हिंदी खलाशाला परदेशात मोकळे करायचे नाही, असाच त्या कराराचा रोख असे. गोऱ्या खलाशापेक्षा पगार कितीतरी कमी, आणि विलायतेत उतरून चांगल्या पगाराची बोट धरण्याची सोय नाही. परदेशाशी संबंध म्हणाल तर आमच्या घराचा तो असा होता.

तरीही पावसाळ्यात गावाला मनीऑर्डर येत असे ती त्याच पगारातून, हेही मला विसरता येत नाही.

जमाखर्च:
आपली नोंद या चर्चेत सगळ्यात मोलाची आहे. बंदरकाठ यांना मात्र १९१४ नंतरचे विचारतो. बीआय ही पी अँड ओ या बड्या ब्रिटिश जहाज कंपनीत सामील झाली, शंभरावर बोटी एका छत्राखाली गेल्या आणि तिचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांच्या शब्दाला हिंदी किनाऱ्यावर पर्याय उरला नाही. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी सिंदिया ही हिंदी मालकीची जहाज कंपनी काढली आणि ५ एप्रिलला तिची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. पण १९२३ मध्ये त्याच सिंदियाला दहा वर्षांच्या करारावर सही करून परदेशी मार्ग आणि उतारू वाहतूक यांपासून दूर राहावे लागले. १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किनारी व्यापार हिंदी बोटींसाठी राखून ठेवण्याचे विधेयक आणले, त्याला सर्वांत कडवा विरोध याच गोटातून झाला. हेही जगभर सगळेच करत होते काय?

बंदरकाठ:
१९२३ च्या कराराचे समर्थन मी करणार नाही. मात्र, त्या कराराने सिंदियाला किनारी मालवाहतुकीत मान्यता मिळाली आणि ती टिकली. तिच्याआधीच्या बहुतेक स्वदेशी कंपन्यांना तेवढेही साधले नव्हते. आणि टिकलेल्या सिंदियाला सराईत खलाशी मिळाले, ते कोणाच्या बोटींवर शिकलेले होते?

सारंगाचा नातू:
आत्ताच पुस्तक काढून पाहिले. शेवटच्या दोन नोंदी सिंदियाच्या बोटींच्या आहेत. रकाने तेच, 'व्हेरी गुड'चा गोल शिक्काही तसाच. फक्त कप्तानाची सही वाचता येण्यासारखी आहे.