वर्गाचे मासिक मुलांच्याच हाती कसे ठेवावे?

प्रश्न

मी सातवीला भाषा शिकवते. गेल्या वर्षी वर्गाचे मासिक काढायचे ठरवले आणि पहिला अंक निघालाही. पण मजकूर मागून घेणे, तपासणे, टंकलेखन, मांडणी हे सारे अखेर मीच केले, आणि दुसरा अंक निघालाच नाही. एका मुलाने छापलेला स्वतःचा लेख वाचून "बाई, हे मी लिहिलेलं नाही," असे सांगितले, ते खरेच होते. यंदा मासिक मुलांनीच चालवावे असे वाटते. संपादक कसा निवडावा, चुका कोणी सुधाराव्यात आणि पाने किती ठेवावीत, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या प्रश्नाचे मूळ त्या मुलाच्या वाक्यात आहे, म्हणून आधी सुधारणांविषयी लिहितो. लेखावर थेट लाल शाई चालवू नये; समासात पेन्सिलीने "येथे कोण बोलते आहे?", "हे कधी घडले?" असे प्रश्न लिहावेत आणि दुरुस्ती लेखकानेच करावी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दोन मुद्रितशोधकांकडे सोपवाव्यात. त्यांपैकी एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापील मजकुरावर बोट ठेवून ताडून पाहायचे. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२४ च्या सुमारास वर्गात लहानसे छपाईयंत्र आणले, तेव्हा मुलांनी लिहिलेल्या मजकुरातून वर्ग मतदानाने एक निवडत असे, लेखकाला समोर बसवून तो सर्वांनी मिळून नीट केला जाई आणि मग मुलेच खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवीत.

संपादकपद दर अंकाला बदलावे. आपण नकाराधिकार जरूर ठेवावा, मात्र तो कोणाची बदनामी, कोणाची खासगी माहिती आणि उचललेला मजकूर या तीनच बाबींपुरता असावा, आणि हे पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहून द्यावे. कविता बाळबोध वाटते म्हणून नकार देऊ लागलात, तर मासिक पुन्हा आपलेच होईल.

प्रतिसाद २

पानांपुरते सांगतो, कारण बहुतेक अंक तेथेच अडतात. ए-४ कागद मधोमध दुमडला की चार पाने होतात, म्हणून मध्ये पिना मारायच्या अंकाची पाने चारच्या पटीतच हवीत: आठ, बारा किंवा सोळा. अठरा पानांचा मजकूर जमला, तर दोन पाने गाळावी तरी लागतात किंवा आणखी दोन भरावी तरी लागतात. चार कोरे कागद एकात एक घालून दुमडा, पानांवर पेन्सिलीने १ ते १६ आकडे घाला आणि कागद सुटे करा: एकाच बाजूला १ आणि १६, त्याच कागदाच्या पाठीवर २ आणि १५, असे आकडे दिसतील. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज प्रत्येक वेळी सतरा येते, हे मुलांच्या लक्षात आले की छपाईतली उलटापालट तीच पकडतात. एका पानावर सुमारे दोनशे शब्द धरावेत, आणि शब्दमर्यादा लेख मागवतानाच सांगावी. आलेला लेख कापण्यावरूनच रुसवेफुगवे होतात.

प्रतिसाद ३

मतदानाविषयी माझा थोडा मतभेद आहे. वर्गात ज्याचे मित्र जास्त, त्याचीच कथा निवडून येते, असे मी दोन वर्षे पाहिले. त्यापेक्षा नाव झाकून वाचन करावे. शिवाय "लेख द्या" म्हटले की तीच सात-आठ मुले पुढे येतात. पोलंडमधील डॉक्टर आणि बालशिक्षणतज्ज्ञ यानुश कोर्चाक यांनी १९२६ साली वॉर्सात एका दैनिकाची मुलांनी लिहिलेली साप्ताहिक पुरवणी सुरू केली, तिचा मोठा आधार मुलांनी पाठवलेली पत्रे हा होता. पत्र लिहायला कोणी बिचकत नाही. वर्गात एक पेटी ठेवा आणि तक्रार, बातमी, प्रश्न, जे येईल ते घ्या, माझ्याकडची सर्वांत वाचली गेलेली मजकुराची ओळ "मधल्या सुट्टीत चेंडू नेहमी त्यांच्याकडेच का असतो?" ही होती.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. पेटी ठेवली आहे आणि नाव झाकून वाचनही सुरू केले आहे. काल मुलांनी सोळा पानांची कोरी प्रत दुमडली. आठ आणि नऊ ही मधली पाने सलग एकाच कागदावर येतात हे कळताच चित्रकार मुलांनी त्यांवर हक्क सांगितला, कथाकारांनी हरकत घेतली, आणि निर्णय संपादकावर सोपवून मी वर्गाबाहेर आले.